लहानपणी घरात कसं होतं, हे कुठल्या डॉक्टरने विचारलंय का? (अनुभव धागा)

काजवा :
नमस्कार मंडळी. दोन महिने मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. वय ४४, मुलुंडला राहते. मध्यंतरी डोकं जड वाटत होतं म्हणून दाखवायला गेले तर बीपी १६०/१०० निघालं. डॉक्टर चांगले आहेत, नीट विचारपूस केली, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, मीठ वरून घेता का, झोप किती, चालायला जाता का. सगळ्याची उत्तरं दिली, गोळ्या घेतल्या आणि निघाले. स्टेशनचा जिना चढत होते, मागून कुणीतरी चपला ओढत ओढत वर येत होता आणि माझी छाती अशी धडधडायला लागली की कठडा धरून उभीच राहिले. तो बिचारा भाजीची पिशवी घेऊन बाजूने निघूनही गेला, माझे तळहात मात्र किती वेळ ओलेच.

आम्ही परळला चाळीत राहायचो, दुसरा मजला, लाकडी जिना. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मला वर्षसुद्धा झालं नव्हतं, त्यामुळे कामावर जाणारे बाबा मी पाहिलेच नाहीत, पाहिले ते पिऊन येणारे. जिन्यावरच्या चपलांच्या आवाजावरून मला सात-आठ वर्षांची असताना कळायचं आज कसं आहे. पटपट आला तर ठीक. ओढत आला आणि मधल्या वळणावर थांबला, तर आई एक शब्द न बोलता स्टोव्हवरचं पातेलं उतरवून मोरीच्या कोपऱ्यात ठेवायची, कारण एकदा ते आमटीसकट भिंतीवर गेलं होतं आणि थोडं माझ्या पायावर. मी धाकट्या भावाला घेऊन पोटमाळ्यावर चढायचे.

हे ज्या अंगाने रोज संध्याकाळी सोसलं त्याच अंगाचं बीपी आता वाढलंय, तर ते नुसतं मिठामुळे का? इथे कुणाकुणाला असं काही जाणवलंय? नाव नको, पत्ता नको, जेवढं झेपेल तेवढंच लिहा.

तिसरा_मजला :
काजवा, चपलांचं वाचून हातातला चहा बाजूला ठेवला. आमच्याकडे चपला नव्हत्या, किल्ल्यांचा जुडगा होता. आजही ऑफिसात कुणी किल्ल्या वाजवल्या की पोटात गोळा येतो. बारावीपासून पोट बिघडलेलंच आहे, स्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल, शेवटी आयबीएस, म्हणजे तपासणीत काही न सापडणारं पोटाचं दुखणं, म्हणून सोडून दिलं. लोकलने जायचं तर सकाळी काही खात नाही मी, इतकी वर्षं. बाबा आता नाहीत. पोट तसंच.

ओपीडी_चार :
मी मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनला आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

काजवा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. सॅन दिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर होते, त्यांनी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते ९७ या काळात १७ हजारांवर माणसांना लहानपणाबद्दल विचारलं. मारहाण, अपमान, लैंगिक त्रास, आबाळ, आईला होणारी मारहाण, घरात दारू, घरात मानसिक आजार, आईवडील वेगळे होणं, कुणी तुरुंगात जाणं, असे आता एकूण दहा प्रकार धरतात, त्याला एसीई म्हणजे बालपणीचे प्रतिकूल अनुभव म्हणतात. पहिला निबंध १९९८ ला आला. आणि ही काही रस्त्यावर राहणारी माणसं नव्हती, बहुतेक शिकलेली, विमा असलेली, मध्यमवर्गीय. तरी जवळपास दोन तृतीयांश लोकांना निदान एक अनुभव होता. ज्यांना चार किंवा जास्त होते त्यांच्यात हृदयविकार एकही नसणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट, स्ट्रोक दुपटीहून जास्त, दारूचं व्यसन सातपट आणि आत्महत्येचा प्रयत्न बारापट.

काही भाग सरळ समजतो, त्रास असलेला माणूस सिगारेट-दारूकडे लवकर वळतो. पण तेवढंच नाहीये. धोका दिसला की मेंदू ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स सोडायला लावतो, नाडी वाढते, बीपी वाढतं, साखर रक्तात येते, पळायची तयारी. धोका गेला की सगळं खाली यायला पाहिजे. आता मूल सात वर्षांचं आहे आणि धोका रोज संध्याकाळी जिना चढून घरात येतोय, घर तर १० बाय १२ चं, पळणार कुठे? मग ही यंत्रणा पूर्ण बंद व्हायचंच विसरते, शरीरात बारीक सूज सतत राहते, रक्तवाहिन्यांवर ताण येतो, आणि मेंदू घडायच्या वयातच हे होत असल्याने तीच त्याची सवय बनते. स्टेशनच्या जिन्यावर तुमच्या बाबतीत ते झालं.

एक मात्र कृपा करून लक्षात घ्या, हा आकडा मोजून कुणी स्वतःचं भविष्य काढू नका. तो मोठ्या समूहाबद्दल सांगतो, एका माणसाबद्दल नाही. गोळी चालूच ठेवा, मीठही कमीच करा.

आणि आम्ही का विचारत नाही? ओपीडीत सकाळी केसपेपरची रांग गेटपर्यंत जाते, एका पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि खरं सांगायचं तर भीती वाटते की विचारलं आणि समोरचा रडायला लागला तर पुढे काय करू. मी गेल्या वर्षापासून काही जणांना शेवटी एकच वाक्य विचारते, "लहानपणी घरी कसं होतं?" बहुतेक जण "बरं होतं" म्हणतात. एक आजी होत्या, शुगर काही केल्या खाली येत नव्हती, त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे आजवर कोणी विचारलं नाही." औषध तेच ठेवलं होतं. पुढच्या वेळी त्या तारखेला आल्या, त्याआधी कधीच येत नव्हत्या.

पारिजात :
हे मी नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. मी नऊ वर्षांची होते, गावाहून नात्यातला एक मुलगा नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आला, एका खोलीत आम्ही आठ जण झोपायचो, रात्री अंथरुणं एकमेकाला लागून. पुढचं लिहीत नाही. दीड वर्ष चाललं. आईला सांगितलं तेव्हा तिने माझं अंथरूण तिच्या आणि भिंतीच्या मध्ये घातलं आणि म्हणाली कुणाकडे बोलू नकोस. तिच्यावर राग होता मला खूप वर्षं. आता वाटतं तिच्या हातात एक भिंत होती, ती तिने दिली.

वजन ९२ किलो आहे. तीनदा कमी केलंय, डाएट, जिम, सगळं, आणि दर वेळी पंचाहत्तरच्या आसपास आलं की ऑफिसात कुणीतरी म्हणतं, काय छान दिसतेस हल्ली, आणि त्या रात्रीपासून मी परत खायला लागते. भूक नसते. गुडघे गेलेत, शुगर बॉर्डरवर आहे, प्रत्येक डॉक्टर म्हणतो मनावर घ्या. मनावरच तर आहे सगळं.

ओपीडी_चार :
पारिजात, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. फेलिटींचं काम सुरूच मुळी इथून झालं. १९८० च्या दशकात ते वजन कमी करण्याचं क्लिनिक चालवायचे आणि त्यांना कळेना की ज्यांचं वजन छान उतरतंय तेच लोक मधेच का सोडून जातायत. विचारायला सुरुवात केली तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांवर लहानपणी अत्याचार झालेले निघाले. वजन हे त्यांच्यासाठी कवच होतं. त्यामुळे तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं कृपया समजू नका.

आणि हे काही परदेशातलंच नाही. २००७ साली आपल्या केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल आला होता, १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांना विचारलं होतं आणि निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक त्रासाचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला होता, त्यात मुलगेही मुलींइतकेच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला तो २०१२ ला.

नि_शब्द :
मला लिहिता येत नाही नीट. सहा वर्षांचा होतो. आईने जाळून घेतलं, मी दारात होतो. दमा आहे तेव्हापासून. सगळे म्हणतात धूळ, मुंबईची हवा. असेल. एवढंच.

काजवा :
नि_शब्द, वाचलं. तुम्ही लिहिलंत हे खूप आहे.

भांडुपकर७४ :
मी खरं तर उलट लिहायला आलो होतो. की आमच्या पिढीत सगळ्यांनीच मार खाल्लाय, वडिलांचा पट्टा, मास्तरांची छडी, आणि आमचं काही बिघडलं नाही, आजची मुलं नाजूक. चार ओळी टाइपही केल्या होत्या.

मग आठवलं. मुलगी पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मी टीव्हीवरचा रिमोट घ्यायला हात वर केला आणि ती पटकन डोकं खाली घालून दोन्ही हात कानांवर घेऊन बसली. मी तिला तोवर दोनदाच मारलं होतं, म्हणजे मला दोनदाच आठवत होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती काही बोलली नाही. तसं डोकं खाली घालून मी बसायचो, अगदी तस्सं, कोपर सुद्धा तसंच. त्या दिवसापासून हात उचलला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आली पण घरातल्या पट्ट्याला कोण बंदी करणार, ती आपणच करायची.

आणि "काही बिघडलं नाही" हेही खरं नाही. वयाच्या ४१ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तंबाखू सोळाव्या वर्षापासून, रात्री दोनला जाग येते ती येतेच. मोठा भाऊ दारूत गेला. आम्ही हे कधी एका ओळीत मांडून बघितलंच नव्हतं.

मोगरा_डोंबिवली :
माझी आई स्किझोफ्रेनियाची पेशंट, तेव्हा हा शब्द घरात माहीत नव्हता, बाहेरचं झालंय म्हणायचे, दोनदा देवऋषी झाले. मी दहाव्या वर्षी भाकरी करायला शिकले. आई रात्रभर खिडकीशी कुणाशी तरी भांडायची, मी जागी. मायग्रेन तेव्हापासून आहे.

पण मला शेजारच्या काकूंबद्दल लिहायचंय. त्यांचं दार दिवसभर उघडं असायचं, चाळीत तसंही असतंच, पण त्यांनी मला कधी "बिचारी" म्हटलं नाही. शाळेत जाताना वेणी सैल असली तर गॅलरीत थांबवून परत घालून द्यायच्या, तोंडाने आपलं काहीतरी चालू, आज पाणी लवकर गेलं, अमकीचं लग्न ठरलं. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या खोलीत झोपायचे मी, कारण विचारत नव्हत्या. दहावीच्या फॉर्मचे पैसे कुणी भरले ते मला बाविसाव्या वर्षी कळलं. माझा भाऊ माझ्यापेक्षा हुशार होता, तो बाहेर बाहेर राहायचा, त्याला असं दार सापडलं नाही. त्याचं फार वाईट झालं. लोक मला म्हणतात तू खंबीर आहेस म्हणून निभावलंस, मला ते ऐकवत नाही.

ओपीडी_चार :
मोगरा, तुमच्या काकू अभ्यासातही सापडतात. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. ज्यांच्या घरी गरिबी, व्यसन, भांडणं, आजार असं एकात एक होतं त्यातली सुद्धा एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली, आणि त्यांच्यात पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे धरून ठेवणारं निदान एक माणूस, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी.

तिसरा_मजला :
मोगरा, माझ्याकडे दार नव्हतं पण वाचनालयातले एक गृहस्थ होते, बंद व्हायची वेळ झाली तरी मला उठवायचे नाहीत, पंखा चालू ठेवून समोर पेपर वाचत बसायचे. आज पहिल्यांदा लक्षात आलं की ते माझ्यासाठी थांबत होते.

पारिजात :
मी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन केला काल, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिल्यांदा लागला तेव्हा ठेवून दिला. दुसऱ्यांदा वीस मिनिटं बोलले. कुणाच्या बघण्यात आत्ता एखादं मूल अशा घरात असेल तर १०९८ आहे, मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन, शेजाऱ्यांनी केला तरी चालतो.

काजवा :
सगळ्यांचं परत परत वाचतेय. परवा फॉलोअपला गेले होते, डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं, संप, चाळ, जिना, सगळं, फार तर चार मिनिटं लागली असतील. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. काउन्सेलिंगला चिठ्ठी दिलीय, गोळी तीच.

आई माझ्याकडेच असते, आता ६८ ची आहे. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, लाकडी जिना नाही, लिफ्ट आहे. हा धागा काढल्यापासून मी तिच्याकडे जरा लक्ष देऊन बघतेय. संध्याकाळी बेल वाजली, दूधवाला असो, कुरियर असो, ती आधी गॅसवरचं पातेलं उतरवून ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात सरकवते आणि मग दार उघडायला जाते.