ईव्हीएनसाठी पहिला प्रस्ताव: १२ मिलिजान्स्कीचा स्रोत, ६ सेंमी, ८ तास पुरतील का? (मंचावरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं नाव)

केंद्रक

रेडशिफ्ट ०.१ ची (हे अंतराचं माप) एक आकाशगंगा आहे, डेक्लिनेशन (आकाशातला अक्षांश) +३२. फर्स्ट या रेडिओ सर्वेक्षणात १.४ गिगाहर्ट्झला १२ मिलिजान्स्की (रेडिओ तेजाचं एकक), आकार बिंदूवत. दृश्य वर्णपटात तारानिर्मिती आणि सक्रिय केंद्रक (मध्यभागी वस्तुमान गिळणारं कृष्णविवर) दोन्हींच्या खुणा मिसळलेल्या आहेत, त्यामुळे रेडिओ उत्सर्जन नेमकं कशाचं ते ठरत नाही. युरोपियन व्हीएलबीआय नेटवर्ककडे (ईव्हीएन, दूरदूरच्या रेडिओ डिश जोडून एकत्र निरीक्षण करणारं जाळं) ६ सेंमी तरंगलांबीवर ८ तास मागायचे आहेत. युरोपबाहेरच्या संस्थेतून अर्ज करता येतो का? वेळ पुरेल का? आणि समिती सगळ्यात आधी काय बघते?

बेसलाइन

अर्ज कुणीही, कुठूनही करू शकतो. संस्था कोणत्या देशातली आहे ते बघत नाहीत. मुदती वर्षातून तीन: १ फेब्रुवारी, १ जून, १ ऑक्टोबर, प्रत्येक वेळी १६:०० यूटीसीपर्यंत.

समिती पहिल्यांदा बघते ती एकच गोष्ट: हे काम व्हीएलबीआयशिवाय होणारच नाही का, आणि स्रोत दिसेल याची खात्री किती? तुमच्या मजकुरात नेमका दुसरा भाग कच्चा आहे. ‘फर्स्टमध्ये बिंदूवत’ याला इथे फारशी किंमत नाही. फर्स्टचा बीम, म्हणजे त्याला दिसणारा सर्वांत बारीक तपशील, ५ आर्कसेकंदांचा, म्हणजे रेडशिफ्ट ०.१ ला सुमारे ९ किलोपार्सेक. त्यात अख्खा तारानिर्मितीचा प्रदेश मावतो. व्हीएलबीएवर (अमेरिकेतलं असंच जाळं) झालेल्या एमजाइव्ह-२० सर्वेक्षणात फर्स्टचे सुमारे २१ हजार स्रोत तपासले, त्यातले ४,३०० पेक्षा थोडे जास्त दिसले. परीक्षकांना हे प्रमाण ठाऊक असतं.

म्हणून १२ मिलिजान्स्की हा आकडा धरून हिशोब मांडू नका. स्पेक्ट्रल इंडेक्स (वारंवारतेनुसार तेज किती बदलतं तो आकडा) -०.७ धरला तर ५ गिगाहर्ट्झला एकूण ४.९ च्या आसपास उरतात, आणि त्यातला बराचसा भाग पसरलेला असू शकतो. ईव्हीएनमधली एफेल्सबर्ग-वेस्टरबोर्क ही छोटी बेसलाइनसुद्धा (दोन डिशमधलं अंतर) अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. ६ सेंमीला साधारण ४०-५० मिलिआर्कसेकंदांपेक्षा मोठी रचना या जाळ्याला दिसतच नाही. ती अंधूक दिसते असं नव्हे, विदामध्ये (डेटामध्ये) येतच नाही.

प्रस्तावात उलट बाजूने मांडणी करा. समजा गाभ्यात फक्त ०.६ मिलिजान्स्की आहे, म्हणजे फर्स्टच्या ५ टक्के. त्याचा आकार ३ मिलिआर्कसेकंदांपेक्षा लहान असेल तर ब्राइटनेस टेम्परेचर (तेज किती एकवटलेलं आहे याचं, तापमानात सांगितलेलं माप) ५० लाख केल्व्हिनच्या घरात जातं. तारानिर्मितीच्या प्रदेशाचं सहसा १ लाख केल्व्हिनच्या वर जात नाही. म्हणजे स्रोत दिसला तर उत्तर सक्रिय केंद्रकाच्या बाजूने झुकतं. एखादा तेजस्वी रेडिओ सुपरनोव्हा ही दुसरी शक्यता उरते, तीही का नाकारता येते ते एका वाक्यात लिहा. आणि नाही दिसला तर? ध्वनी (नॉइज) १५ मायक्रोजान्स्की धरला तर ५ सिग्मा, म्हणजे त्याची पाचपट, ७५ मायक्रोजान्स्की. त्या मर्यादेतून गाभ्याबद्दल काय निष्कर्ष निघतो तेही लिहा. दोन्ही निकालांना वैज्ञानिक अर्थ आहे हे दाखवणारा प्रस्ताव वर जातो.

हाताशी ई-मर्लिनचा (ब्रिटनमधलं डिशचं जाळं) किंवा व्हीएलएच्या (अमेरिकेतलं) ए-कॉन्फिगरेशनचा, म्हणजे डिश सर्वांत दूर पसरलेल्या मांडणीचा, विदा असेल तर तो आधी जोडा. त्यात गाभा वेगळा दिसत असेल तर अर्धी लढाई जिंकल्यासारखीच आहे. नसेल तर ईव्हीएनबरोबर ई-मर्लिनही मागता येतं, त्यामुळे मधल्या लांबीच्या बेसलाइन मिळतात.

फेजरेफ

८ तासांबद्दल. संवेदनशीलतेच्या कॅल्क्युलेटरमध्ये ८ तास टाकून आलेला ध्वनी तसाच लिहायचा, ही सर्रास होणारी चूक. इतका मंद स्रोत स्वतःच्या बळावर फ्रिंज (दोन डिशचे सिग्नल जुळल्याची खूण) देत नाही, त्यामुळे फेज रेफरन्सिंग, म्हणजे जवळच्या तेजस्वी कॅलिब्रेटरकडे आलटून पालटून बघणं, लागणारच. ६ सेंमीला ५ मिनिटांचं चक्र चालतं: दीड मिनिट कॅलिब्रेटर, साडेतीन मिनिटं लक्ष्य. म्हणजे ८ पैकी ५.६ तास. त्यातून फ्रिंज फाइंडरचे पाच-पाच मिनिटांचे स्कॅन (३सी३४५, ४सी३९.२५, डीए१९३ यांसारखे तेजस्वी स्रोत) आणि चेक सोर्स (कॅलिब्रेशन पडताळायचा स्रोत) वजा करा. हातात उरतात जेमतेम ५ तास, आणि ध्वनी सव्वापट होतो. हा हिशोब प्रस्तावात उघड मांडा.

बँडविड्थही नीट लिहा. प्रत्येक ध्रुवीकरणात ३२ मेगाहर्ट्झचे ८ सबबँड (वारंवारतेचे तुकडे) म्हणजे २५६ मेगाहर्ट्झ. दोन ध्रुवीकरणं, नायक्विस्टचे २ आणि २ बिट धरून २,०४८ मेगाबिट प्रतिसेकंद होतात, ज्याला सगळे २ गिगाबिट म्हणतात. एखादी डिश १ गिगाबिटच घेत असेल तर तिच्या बेसलाइनचा ध्वनी १.४ पट. ईव्हीएनच्या प्लॅनरमध्ये (निरीक्षण आखायचं साधन) हे डिशनिहाय दिसतं.

कॅलिब्रेटर रेडिओ फंडामेंटल कॅटलॉगमधून शोधा, शक्यतो लक्ष्यापासून २ अंशांच्या आत. नुसता एकूण फ्लक्स (तेज) बघून निवडू नका. लांब बेसलाइनवर किती उरतो तो आकडा बघा. २०० मिलिजान्स्कीचा पण पसरट कॅलिब्रेटर शांघायजवळच्या त्यानमाच्या बेसलाइनवर गायब होतो, आणि मग त्या डिशचा सगळा विदा वाया जातो. अशा वेळी ८० मिलिजान्स्कीचा, घट्ट आणि जवळचा स्रोत जास्त कामाचा. प्रस्तावात कॅलिब्रेटरचं नाव आणि लक्ष्यापासूनचं अंतर दोन्ही हवीत.

७६ मीटरची लोव्हेल डिश मागणार असाल तर एक लक्षात ठेवा: तिला तासाला १२ वेळाच स्रोत बदलता येतो. वरचं ५ मिनिटांचं चक्र तासाला २४ बदल मागतं. म्हणून ती एकाआड एक कॅलिब्रेटर स्कॅन सोडते. शेड्यूलमध्ये हे आधीच धरावं लागतं.

केंद्रक

मांडणी उलटी करतो, स्पष्ट झालं. आणखी दोन शंका आहेत. गाभ्याची जागा आत्ता एका आर्कसेकंदाच्या आतबाहेर माहीत आहे. एवढ्या अनिश्चिततेवर स्रोत हातचा निसटेल का? आणि सगळ्या डिश मागाव्यात का?

फेजरेफ

निसटणार नाही. कोरिलेशनमध्ये (सगळ्या डिशचे सिग्नल एकत्र जुळवताना) सरासरी जितकी जास्त घ्याल तितका दिसणारा टापू आक्रसतो. १० टक्के घट चालेल असं धरून दोन मर्यादा काढतात. वेळेची: १८.५६ गुणिले तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये, भागिले बेसलाइन हजार किलोमीटरमध्ये, भागिले इंटिग्रेशन सेकंदांत. तुमच्यासाठी ६ सेंमी, १० हजार किलोमीटर, २ सेकंद, म्हणजे ५.६ आर्कसेकंद. वारंवारतेची: ४९.५ गुणिले चॅनलसंख्या, भागिले बेसलाइन, भागिले सबबँडची रुंदी मेगाहर्ट्झमध्ये. ६४ चॅनल आणि ३२ मेगाहर्ट्झला ९.९ आर्कसेकंद. दोन्हींतली लहान मर्यादा धरायची, तीही तुम्हाला मुबलक आहे. मात्र प्रतिमा करताना त्या पूर्ण आर्कसेकंदाच्या चौकटीत शोधा. एवढ्या मोठ्या क्षेत्रात ५ सिग्माचे खोटे ठिपके हटकून दिसतात, म्हणून शोधाचा उंबरठा ६ सिग्माच्या पुढे ठेवा.

डिशबद्दल: +३२ वरचा स्रोत दक्षिण आफ्रिकेतल्या हार्टेबीस्टहुकला जास्तीत जास्त ३२ अंश उंचीवर जातो आणि थोडाच वेळ मिळतो. तुमचा प्रश्न दिसण्या-न-दिसण्याचा आहे, तेव्हा सगळा भर संवेदनशीलतेवर द्या: एफेल्सबर्ग १०० मीटर, लोव्हेल, येबेस ४० मीटर, त्यानमा ६५ मीटर. स्रोत युरोपात उगवत असताना तो चीनमध्ये माथ्याच्या आसपास असतो. दोन्हींकडे एकदम दिसायला हवा असेल तर जीएसटीची (ग्रीनिचच्या नाक्षत्र वेळेची) मागणी अलीकडे सरकवा.

अर्जखिडकी

फॉर्मपुरतं. अर्ज नॉर्थस्टार या ऑनलाइन प्रणालीत भरतात. वैज्ञानिक समर्थन २ पानं, आकृत्यांसाठी आणखी २ पानं, एकूण ४ च्या वर नाही. सेव्ह केलं म्हणजे अर्ज गेला असं नाही, सबमिट वेगळं करावं लागतं. शेवटच्या तासावर ठेवू नका. ४८ तासांच्या वरची मागणी मोठा प्रकल्प धरली जाते, त्याला त्या प्रमाणात भक्कम कारण लागतं. तुमचे ८ तास त्यात येत नाहीत.

मंजुरी आली की काम सुरू होतं, संपत नाही. पायस्केड या सॉफ्टवेअरची की-फाइल (निरीक्षणाचं वेळापत्रक) तुम्हालाच करायची असते. नेदरलँड्समधल्या द्विंगेलोच्या जाइव्ह या संस्थेतले लोक ती तपासतात आणि अडलं तर मदतही करतात, त्यामुळे त्यांना लवकर लिहा. कोरिलेशन तिथेच होतं. विदा फिट्स-आयडीआय स्वरूपात मिळतो, सोबत पाइपलाइनचे प्राथमिक निकाल येतात. पुढचं काम एप्स किंवा कासा या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. विदा मिळाल्यापासून १२ महिने तो फक्त तुमचा, त्यानंतर संग्रहात सर्वांना खुला.

नाही मंजूर झाला तर समितीचे अभिप्राय मिळतात. पुढच्या मुदतीला अर्ज करताना त्यातल्या प्रत्येक आक्षेपाचं उत्तर समर्थनाच्या मजकुरातच द्या.