माउंट हॉथम, पिग्मी पॉसम आणि आमच्या लॉजचा डेक – जाणकारांची मदत हवी

वाईकरीण:
नमस्कार मंडळी, मी मेलबर्नला असते. इथल्या हॉथम या स्कीइंगच्या डोंगरावरच्या एका छोट्या क्लब लॉजचे आम्ही मेंबर आहोत, दर हिवाळ्यात जातो. यंदा मागच्या बाजूला डेक वाढवायचं ठरलं, तर कळलं की तो उतार पिग्मी पॉसम नावाच्या, कांगारूसारखी पिशवी असलेल्या छोट्या प्राण्याच्या अधिवासात येतो, प्लॅनिंग परमिट लागेल, आधी तज्ज्ञाकडून पाहणी करून घ्या. मीटिंगमध्ये आवाज चढले, उंदराएवढ्या जिवासाठी एवढा खर्च का म्हणून. मी गप्प बसले पण घरी आल्यावर झोप लागेना. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ साली इको-सेन्सिटिव्ह झोन झाला तेव्हा आमच्या वाईत पण हीच वाक्यं ऐकली होती. पुढच्या मीटिंगला मला पॉसमच्या बाजूने बोलायचंय, पण खरंच, चार मीटरच्या डेकने त्याचं काय बिघडतं?

नकाशेवाला:
ताई, बरं झालं विचारलंत, मी व्हिक्टोरियातच प्लॅनिंगमध्ये काम करतो. आधी त्या जिवाची ओळख सांगा त्यांना. हा प्राणी १८९५ पासून फक्त जीवाश्मातून माहीत होता, नामशेष झाला असंच धरून चालले होते, आणि १९६६ मध्ये जिवंत सापडला तो कुठे, तर हॉथमवरच्याच एका स्की लॉजमध्ये! वजन साधारण ४५ ग्रॅम, वर्षातले सहा-सात महिने बर्फाखाली दगडांच्या फटीत झोपलेला. त्याचं घर म्हणजे मोठमोठ्या दगडांचे खच, सगळे मिळून दहा चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाहीत, आणि स्कीइंगला नेमके तेच उतार आवडतात. झाडं तोडली तर दुसरीकडे लावू म्हणता येतं, पण थंडीने फुटून हजारो वर्षांत रचलेला खच एकदा जेसीबीने सपाट केला की भरपाई कशाची देणार? म्हणून आमच्याकडे क्रम असा की आधी टाळा, मग कमी करा, भरपाई सगळ्यात शेवटी.

आता तुमचे चार मीटर. माद्या वरच्या चांगल्या खचात राहतात, नर फक्त विणीच्या वेळी वर येतात आणि नंतर खाली निघून जातात. हॉथमच्याच माउंट हिगिनबॉथमवर रस्ता आणि बांधकामं मधे आली, नरांना खाली जाता येईना, ते माद्यांच्याच जागेत अडकले आणि हिवाळ्यात माद्या जास्त मरायला लागल्या. मग १९८० च्या दशकाच्या मध्यात रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा केला, नर खाली जायला लागले, माद्याही जगायला लागल्या. लोक त्याला प्रेमाचा बोगदा म्हणतात. सांगायचं हे की घर शाबूत असून भागत नाही, वाट पण लागते, आणि प्रत्येक लॉजने आपापले चार मीटर घेतले की वाट जाते. एकेकट्या प्लॉटवाल्याला ते दिसत नाही हो, नकाशावर दिसतं, म्हणून तर परमिट.

रानवाटा:
+१. माउंट बुलर या व्हिक्टोरियातल्याच दुसऱ्या स्कीच्या डोंगराचं पण सांगा. तिथे १९९६ मध्ये सुमारे ३०० पॉसम असतील असा अंदाज होता, दहाएक वर्षांत चाळीसच्या खाली आले. स्की रनसाठी अधिवास गेला, तुकडे पडले, वर कोल्हे आणि मांजरं. उरलेल्यांचं आपसातच प्रजनन व्हायला लागलं, शेवटी २०११ पासून हॉथमचे नर नेऊन सोडले तेव्हा कुठे संख्या सावरली. हॉथमचे पण असेच संपले असते तर बुलरला नर आणले कुठून असते?

पतंगप्रेमी:
सगळं पटलं, पण परमिटने पॉसम वाचेल असं मीटिंगमध्ये ठामपणे सांगू नका. त्यांचं वसंतातलं मुख्य खाणं म्हणजे बोगाँग मॉथ, हे पतंग क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांतून कधी कधी हजार किलोमीटर उडून डोंगरावर येतात. २०१७ च्या दुष्काळापासून त्यांची संख्या कोसळली, पिशवीतली पिल्लं उपाशी मेली, हे सगळं दगड जागच्या जागी असताना. तिकडच्या शेतांवर हॉथमच्या नकाशाचा काय अधिकार? शिवाय बर्फ कमी पडला की दगडांवरचं पांघरूणच जातं.

नकाशेवाला:
अगदी मान्य, आणि तसंच सांगावं त्यांनी. फक्त एक, पतंग परत वाढले तेव्हा ते खाणारं कोणीतरी डोंगरावर उरलेलं हवं ना, तेवढं आपल्या हातात आहे. ताई, डेक मागेच हवा का? पार्किंगच्या बाजूला आधीच सपाट केलेली जागा असेल तर तिकडे घ्या, पाहणीचं काम पण सोपं होईल. आणि बाहेरचे दिवे वसंतात बंद ठेवा, ते पतंग उजेडाला भुलून भरकटतात.

वाईकरीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. पार्किंगकडे जागा आहे, सूर्यास्त दिसणार नाही एवढंच. लॉजचा जुना फोटो काढून बघितला, मागच्या भिंतीला लागूनच ते दगड आहेत, इतकी वर्षं आम्ही त्यांच्यावर ओले बूट वाळत घालत होतो. पुढच्या शनिवारी मीटिंग आहे, हा फोटो आणि बोगद्याची गोष्ट घेऊन जाते, काय होतं ते इथे कळवते.