मदत हवी आहे : हिवाळ्यासाठी आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घ्यावी की ॲरिझोनात भाड्याचं घर?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं निवृत्त, मिशिगनमध्ये राहतो. हिच्या संधिवाताला इथली थंडी सोसवत नाही, म्हणून यंदा जानेवारी ते मार्च ॲरिझोनात काढायचं ठरतंय. घोडं अडलंय ते राहायचं कशात यावर.

मला आरव्हीची फार ओढ आहे. क्वार्टझसाइटजवळ ला पोसाला सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या हंगामात परवाना काढून महिनोन्महिने मुक्काम करता येतो. पण जागेवर वीज-पाण्याची जोडणी नसते. सोलर नाहीतर जनरेटरवर भागवायचं, आणि सांडपाण्याची टाकी भरली की डंप स्टेशनवर नेऊन रिकामी करायची. तो जाड पाइप जोडणं-सोडवणं आज जमेल, सत्तरीनंतर? शिवाय इथून निघताना नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरलेलं असतं, त्यामुळे थंडीचा पट्टा ओलांडेपर्यंत गाडीतले नळ बंदच.

हिला मेसामधल्या 55 वर्षांपुढच्यांच्या वसाहतीत पार्क मॉडेल (एका जागी कायम ठेवलेलं छोटं तयार घर) भाड्याने हवंय. तिथे शेजार असतो, आणि आरव्हीच्या अरुंद पायऱ्या रोज चढायला तिचे गुडघे तयार नाहीत. तिचं म्हणणं मला पटतं.

कुणी दोन्ही करून पाहिलंय का? डिझेल, विमा, डागडुजी धरून आरव्ही खरंच स्वस्त पडते का? आणि मेडिकेअर ॲडव्हांटेज (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची खासगी कंपन्यांमार्फत चालणारी योजना) असताना तीन महिने तिच्या ठरावीक डॉक्टरांच्या नेटवर्कबाहेर संधिवाताच्या नेहमीच्या उपचारांचं काय करता? आधी महिनाभर आरव्ही भाड्याने घेऊन बघावी का? जरूर कळवा, ऑक्टोबरच्या आत ठरवायचंय.