मदत हवी आहे: मराठी वळणाचा 'ल' ओळीत काळा दिसतोय
नमस्कार मंडळी. गेले ५ महिने सलग मजकुरासाठी एक देवनागरी फाँट करतेय. मूळ अक्षरं आणि मात्रा झाल्या, जोडाक्षरं निम्मी उरलीत. परवा नमुना छापून तिघांना वाचायला दिला. १० पॉइंटला 'ष्ट', 'द्ध' बुजतात आणि 'घ'-'ध'मध्ये गोंधळ होतो, असं दोघांनी सांगितलं. पटलं, लगेच 'ध'ची गाठ मोठी केली.

अडलंय ते 'ल'वर. उजवीकडे दंड (उभी रेघ) नसलेला, दोन पाकळ्यांचा 'ल' मला हवाच आहे, पण ओळीत तो शेजारच्या अक्षरांपेक्षा रुंद आणि काळा, म्हणजे जास्त गडद दिसतो. हिंदी वळणाचा दंडवाला 'ल' घे, असा सल्ला मिळाला. मन मानत नाही.

पाकळ्या अरुंद करू, रेघ बारीक करू, की दोन्ही बाजूंची मोकळी जागा वाढवू? तुम्ही हे कसं सोडवलंत?