मदत हवी आहे: जुनी मर्सिडीज वॅगन दान करायची आहे (न्यू जर्सी)

मंडळी, आमची २०११ ची मर्सिडीज ई ३५० वॅगन आता दारात नुसती उभी असते. १,३८,००० मैल झालेत, इंजिन ठणठणीत. टायर आणि ब्रेक मात्र बदलायला आलेत, आणि मागचा बंपर मी स्वतः खांबाला घासलाय. डिकीत उलट्या तोंडाची ती दोन जणांची सीट आहे ना, तिथे बसून मुलं मागच्या गाडीवाल्यांना टाटा करायची. डीलरने देऊ केलेला आकडा ऐकून नवरा म्हणाला, "यापेक्षा दान करू."

आता घोळ असा. संस्थेने गाडी लिलावात विकली, तर जेवढे पैसे येतील तेवढीच करसवलत, असं १०९८-सी फॉर्मच्या (दान केलेल्या गाडीचा कराचा फॉर्म) नियमांत दिसतंय (५०० डॉलरच्या आत विकली तर वेगळं). पण संस्थेने ती खरोखर स्वतःच्या कामाला वापरली किंवा गरजू माणसाला अगदी कमी किमतीत दिली, तर बाजारभाव धरता येतो. तेही डिडक्शन्स आयटमाइझ केली, म्हणजे करातली एकेक वजावट वेगळी दाखवली, तरच. स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेतलं की सगळं मुसळ केरात!

खरं सांगायचं तर मला सवलतीपेक्षा गाडी कुणाच्या तरी उपयोगी पडायला हवी आहे. घरपोच जेवणाचे डबे पोचवणारी एखादी संस्था अशी वॅगन घेते का? कुणी थेट दिली आहे का? टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही करताना मायलेज, तारीख कोणी भरायची? नंबर प्लेट्स काढून एमव्हीसीत (न्यू जर्सीच्या वाहन खात्यात) जमा करायच्या, एवढं माहीत आहे. इन्शुरन्स नेमका कधी बंद केलात?