‘पूरक बदल’ की ‘भरपाईचा बदल’?

प्रश्न : ‘फोरसेल’ या संगणकप्रणालीविषयी मराठीत लिहिताना ‘कॉम्पेन्सेटरी बेस चेंज’ या संज्ञेपाशी मी अडलो आहे. जर्मनीतील व्युर्झबुर्ग विद्यापीठात तयार झालेली आणि २००६ साली प्रसिद्ध झालेली ही प्रणाली आरएनएचा, म्हणजे पेशीतील चार रासायनिक अक्षरांच्या साखळीसारख्या रेणूचा, अक्षरक्रम व त्याची घडी (साखळीतील अक्षरे एकमेकांशी जोड्या जुळवून बनणारा आकार) एकाच वेळी ताडून पाहते. अक्षरे चार (ए, यू, जी, सी), प्रत्येक अक्षर एकतर सुटे, नाहीतर जोडीतील डावे किंवा उजवे, म्हणून तिची वर्णमाला १२ चिन्हांची आहे. या संज्ञेसाठी ‘पूरक बदल’ योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते ‘पूरक’ टाळावे, कारण तो शब्द ‘कॉम्प्लिमेंटरी’साठी रुळलेला आहे : ए-ला यू पूरक, जी-ला सी पूरक. येथे सांगायचे आहे ते निराळे. जी-सी या जोडीतील जी-च्या जागी ए आला की जोडी मोडते. समोरच्या सी-च्या जागी यू आला की ती पुन्हा जुळते, आणि अक्षरे दोन्हीकडची बदलूनही घडी शाबूत राहते. एका बाजूची हानी दुसरी बाजू भरून काढते, म्हणून ‘भरपाईचा बदल’ हाच शब्द मला नेमका वाटतो.

‘सेकंडरी स्ट्रक्चर’ला, म्हणजे या घडीला, मात्र कृपया ‘दुय्यम रचना’ म्हणू नये. ‘दुय्यम निबंधक’ या पदनामाप्रमाणे त्या शब्दाला खालच्या दर्जाची छटा आहे, आणि येथे तर दोन जीव भिन्न जातींचे आहेत का, याचा निवाडा घडीवरूनच होतो. ‘द्वितीयक संरचना’ लिहावे. तसेच ‘स्पीशीज’साठी ‘जाती’ लिहावे. वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ सर्रास दिसते, पण मराठी विश्वकोशातील वनस्पतींच्या नोंदींत तो शब्द जातीच्या वरच्या गटासाठी, म्हणजे ‘जीनस’साठी, येतो.

प्रश्नकर्ता : मग ‘हेमी’ प्रकाराला, म्हणजे जोडीतील एकच अक्षर बदलते त्याला, ‘अर्धी भरपाई’ म्हणावे का?

उत्तर : नाही. जी-सी-ची जी-यू झाली तर एकच अक्षर बदलते आणि जोडी मोडत नाही, कारण आरएनएमध्ये जी-यू हीदेखील जुळते. हानीच झाली नाही, तर भरपाई कशाची? ‘एकतर्फी बदल’ पुरेसा आहे. हा भेद लेखात ठळक यावा, असे मला मनापासून वाटते. आयटीएस-२ या, जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकीय भागावरील २००७ च्या अभ्यासानुसार भरपाईचा बदल आढळला, तर दोन जीव भिन्न जातींचे असण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के असते. तो आढळला नाही, एवढ्यावरून जात एकच असल्याचे सिद्ध होत नाही. एकतर्फी बदल त्याच रकान्यात मोजले, तर हा आकडा त्यांना लागू होणार नाही.