वारली चित्रकारांनी असल्या मेळाव्यांना जावं की नाही?

गेरू: 'सह्यकडा' यांनी काल दुसऱ्या धाग्यावर लिहिलं की, जगभरच्या आदिवासी कलाकारांचे आणि क्युरेटरांचे, म्हणजे प्रदर्शनं मांडणाऱ्यांचे, मेळावे म्हणजे गोऱ्या म्युझियमवाल्यांचं प्रायश्चित्त, वारली पोरांनी त्यात वेळ न घालवता इथे बाजार शोधावा. वाचून राग आला, म्हणून वेगळा धागा.

१९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या गाजलेल्या प्रदर्शनात आपले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे होते, गोंड चित्रकार जनगढसिंग श्याम होते. पण कोणाचं काय मांडायचं हे फ्रेंच क्युरेटरने ठरवलं. २०१८ मध्ये टोरंटोत सुरू झालेलं 'आबाक्वाद' हे आदिवासी कलाकार-क्युरेटरांचं संमेलन यापेक्षा वेगळं आहे. तिथे बोलणारेही आदिवासी आणि बोलावणारेही. २०२२ मध्ये ते व्हेनिसला भरलं. त्याच वर्षी तिथल्या बिनाले या जागतिक कला-प्रदर्शनातलं नॉर्डिक देशांचं दालन सामी, म्हणजे त्या देशांच्या उत्तरेकडच्या आदिवासी, कलाकारांच्या ताब्यात होतं. त्यातली मारेत आन्ने सारा बघा. नॉर्वे सरकारने तिच्या भावाला रेनडिअरचा कळप कमी करायला लावला, तो कोर्टात गेला, तर हिने कोर्टासमोर रेनडिअरच्या मुंडक्यांचा ढीग रचला. पुढे ४०० कवट्या तारेत ओवून त्यांचा पडदा ओस्लोत संसदेसमोर उभा केला. बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदराच्या छायेत राहणाऱ्या डहाणूच्या चित्रकाराने तिच्यासमोर बसून बोलावं, यात वेळ कसला वाया जातो?

सह्यकडा: जनगढ यांचं नाव घेतलंत, पुढचं गाळलंत. २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये मुक्कामाला असताना त्यांनी आयुष्य संपवलं. घरापासून हजारो मैलांवर, ऐन उमेदीत. त्यामुळे परदेशवारी म्हणजे भाग्य उजळलं, हे मला सांगू नका.

गेरू: एकट्या माणसाला परमुलखात ठेवून चित्रं काढून घेणं आणि आपल्यासारख्या शंभर जणांत बसून बोलणं, दोन्ही एकच? उलट जनगढ यांच्याबाबतीत घडलं तसं पुन्हा घडू नये म्हणूनच हे मेळावे हवेत.

बोईसर_लोकल: बाजार बाजार काय लावलंय? माझ्या मामाने हायवेवरच्या एका रिसॉर्टची अख्खी भिंत रंगवली. ठरले फुटावर पैसे, हातात आले निम्मे. भिंतीवर नावही नाही. २०१४ मध्ये वारलीला जीआय, म्हणजे त्या भागाची कला म्हणून सरकारी नोंद, मिळाला, मामाला काय मिळालं? ऑस्ट्रेलियात चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला ५ टक्के द्यावे लागतात, तसा कायदाच आहे. हे मला तिकडे जाऊन आलेल्या एका पोराने सांगितलं. इथल्या कुठल्या साहेबाने नाही.

मुक्ता_पाडा: आणि बायका? लग्नाचा चौक, म्हणजे घराच्या भिंतीवरचं लग्नाचं चित्र, सवाशिणी लिहितात. माझी मावशी अजून लिहिते. तांदूळ वाटायचे, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, मधोमध पालघट देवी, बाजूला लग्न लावणारी धवलेरी गात बसलेली. तो चौक उचलून जगभर कोण गेलं? म्हसे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ट्रायेनिअल प्रदर्शनाला कोण? आपले वारली चित्रकार वायेडा बंधू. सगळे बाप्ये.

सह्यकडा: झालं, धागा भरकटला.

मुक्ता_पाडा: भरकटला नाही, आत्ता कुठे मुद्द्यावर आलाय. तुम्ही बाजाराचं बोलता, गेरू जगाचं बोलतात, मावशीला कोणी विचारलंय?

गेरू: मुक्ता, म्हसेंवर राग काढू नका. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद-रंग घेऊन पाड्यांवर आले ते बायकांचीच चित्रं शोधत. बायका परक्या माणसासमोर बुजल्या, म्हसे पुढे आले. त्यात त्यांचा काय दोष?

मुक्ता_पाडा: दोष नाही म्हटलं मी. पण तेव्हा बुजल्या म्हणून पन्नास वर्षं दार बंद? बोलावणारे आदिवासी आहेत म्हणता ना, मग ते तरी पाड्यावर येऊन बाईला विचारतात का? इंग्रजीत फॉर्म, ऑनलाइन भरायचा. जो कॉलेजात गेला तो भरणार.

बोईसर_लोकल: हे मात्र खरं आहे. आमच्याकडेही मामी मामाच्या दुप्पट बारीक काढते. सही मामाची.

सह्यकडा: बरं. मावशीसारख्या बायका जाणार असतील, सोबत बोली समजणारा माणूस असेल आणि खर्च बोलावणारे उचलणार असतील, तर माझा विरोध नाही. इतकंच मान्य करतो. पोटाचा प्रश्न त्याने सुटत नाही, या मतावर मी ठाम आहे.

मुक्ता_पाडा: मान्य केलंत तर आता मदतही करा. मावशीकडे जन्माचा दाखला नाही. पासपोर्टला काय काय चालतं, कोणाला नक्की माहीत असेल तर इथेच लिहा.